हे वाचून पाहा: कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाच्या नोंदी

रविवार, 8 जून 2025

आजपासून काम सुरू. वाचनालयाच्या दर्शनी भागातलं काचेचं कपाट कार्यकारिणीने मोकळं करून दिलंय. त्यात फक्त कथा-कादंबऱ्या ठेवायच्या आणि प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड लावायचं: हे का वाचावं, कुणी वाचावं, कुठे अडखळायला होईल. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, कपाट उघडायचं. निवड आणि कार्डं माझ्याकडे. दाखल नोंदवही आणि देवघेव ग्रंथपालबाईंकडे.

काही नियम ठरवून घेतले. आधी वाचलेलं असलं तरी पुस्तक पुन्हा पुरतं वाचल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. विशीत वाचलेलं पुस्तक आठवणीत वेगळंच होऊन बसलेलं असतं. कार्डावर पुरस्काराचा उल्लेख नको. पुरस्कार मिळाला म्हणून वाचा, असं मला कुणालाही सांगायचं नाही. कथानक सांगायचं नाही. आणि जे आवडलं नाही तेही लिहायचं, कारण वाचकाला दोन्ही बाजू कळल्या तरच तो पुढच्या कार्डावर विश्वास ठेवेल.

प्रकारवार जाईन: रहस्य, भय, विज्ञान, इतिहास, गाव, शहर. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सभासद मागतात ते असंच. "काहीतरी ऐतिहासिक द्या", "भुताचं आहे का एखादं?" तेव्हा कपाटाचे कप्पेही तसेच लावू.

शनिवार, 14 जून

बाबूराव अर्नाळकर. आपल्याकडच्या प्रती हाताळून हाताळून सुट्ट्या झालेल्या, दोनदा बांधणी झालेल्या. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या नायकांची नावं घेतली की सत्तरीतले सभासद आजही खुर्चीत पुढे सरकून बसतात. वाचनाची सवय ज्यांनी घराघरांत लावली त्यांच्यात हा माणूस फार वर आहे आणि वाङ्मयाच्या चर्चेत त्याला नेहमी दाराबाहेर ठेवलं गेलं, याचा मला राग आहे.

वेग खराच. लहान वाक्यं, लहान प्रकरणं, पान उलटायला लावणारा शेवट. पण लागोपाठ वाचत गेलो तशी एक उणीव टोचायला लागली. या कथांत मेलेला माणूस कुणाचाच नसतो. त्याच्यामागे रडणारं कुणी नाही, त्याचं घर कसं चालणार हा प्रश्न नाही. खून होतो तो कोडं सुरू व्हावं म्हणून. कोडं सुटलं की मेलेला विसरला जातो.

त्यानंतर सुहास शिरवळकर. फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद यांच्या कथा लिहिणाऱ्या माणसानेच 1982 साली 'दुनियादारी' दिली. 2013 च्या सिनेमानंतर ही कादंबरी आमच्याकडे कपाटात टिकत नाही. कट्ट्यावरच्या पोरांचं बोलणं अजून ताजं आहे, कारण लेखकाने ते सुधारून घेतलेलं नाही. मुलींच्या वाट्याला मात्र नायकाचं दुःख गडद करण्यापलीकडे फारसं काही येत नाही, आणि कार्डावर मी हे लिहिणार आहे. कॉलेजातल्या मुलींनी मला ते आधीच सांगितलंय.

रविवार, 22 जून

नारायण धारप. यंदा त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात, 1925 चा जन्म. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. मूळ पुस्तक 1975 चं. कुठल्या विदेशी पुस्तकावर काय बेतलंय हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून धारपांना नावं ठेवणारेही पुष्कळ. मला वाटतं, उसनं कथानक आपल्या घरात आणून बसवणं हे वेगळंच कसब आहे. धारपांची भाषा साधी, जवळपास कारकुनी. घर, खोली, जिना, दिवा यांचं वर्णन ते इतकं नेमकं करतात की त्यात एखादी गोष्ट जागेवरून हलली तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. भीती तिथून येते. दुष्ट शक्तींशी झुंजणाऱ्या त्यांच्या समर्थ या नायकाच्या कथा मात्र मला कमी पटल्या. समर्थ येणार आणि सोडवणार हे ठाऊक असलं की भीतीला कुंपण पडतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्या जरूर द्याव्यात, मोठ्यांना बिनसमर्थांच्या.

एक प्रसंग नोंदवून ठेवतो. अकरावीतला एक मुलगा आला: "काका, तुंबाड आहे का?" 2018 च्या सिनेमाचं मूळ पुस्तक त्याला हवं होतं. सिनेमाची प्रेरणा धारपांची 'आजी' ही कथा, पण नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि त्या कादंबरीचा सिनेमातल्या हस्तर-बिस्तराशी काही संबंध नाही. ते त्याला सांगितलं तरी तो पेंडशांचा पहिला खंड घेऊन गेला. जगबुडी नदीकाठचं तुंबाड, खोतांच्या पिढ्यामागून पिढ्या. आज तो परत आला आणि दुसरा खंड मागितला. 1987 ची दोन खंडांची कादंबरी एका सोळा वर्षांच्या मुलाने उचलली, यावरून "आजची मुलं जाड पुस्तकं वाचत नाहीत" हे वाक्य आमच्या बैठकीत मी पुन्हा चालू देणार नाही.

रविवार, 29 जून

जयंत नारळीकर 20 मे रोजी गेले. त्यामुळे 'यक्षांची देणगी' (1979) वाचताना मन जरा जड होतं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं नाव. नावाच्या दबावाशिवाय कथा टिकते का हे बघायचं होतं, आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने मराठीत लिहिताना परीक्षकांपुढे नवखा म्हणून उभं राहावं, याचं मला आजही फार मोल वाटतं.

कथांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. पात्रं बरीचशी सपाट आहेत. दोन माणसं बोलत असतात तेव्हा एक जण समजावून सांगत असतो आणि दुसरा ऐकत असतो. पण कल्पना इतकी घट्ट बांधलेली असते की सपाटपणा विसरायला होतो. 'उजव्या सोंडेचा गणपती'त मोबियस पट्टीवरून माणसाची आरशातली प्रतिमा होते ती गोष्ट आठवीतल्या मुलाला सांगून पाहिली. त्याने लगेच कागदाची पट्टी कापून पीळ देऊन चिकटवली. हे दुसऱ्या कुठल्या कथेने घडलं असतं असं वाटत नाही.

'गंगाधरपंतांचे पानिपत' बाजूला काढून ठेवलीय. ती इतिहासाच्या कप्प्यात जायला हवी की विज्ञानाच्या, हे ठरेना.

रविवार, 6 जुलै, आषाढी एकादशी

दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी' (1974) आज एका बैठकीत संपवली. तुकोबा नाहीसे झालेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरतोय. तोच सांगतोय.

तुकारामांवर इतकं लिहिलं गेलंय, पण भावाच्या तोंडून तुकाराम ऐकताना पहिल्यांदा घर दिसलं. चरित्रात एक प्रसंग येतो: घराण्याच्या सावकारीची कर्जखतं होती, कान्होबाने आपला अर्धा वाटा वेगळा घेतला आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा. कान्होबाच्या बाजूने पाहिलं की तोच प्रसंग घर चालवणाऱ्याचा होतो. संत झालेल्या भावावर राग धरता येत नाही आणि प्रेम तर काठोकाठ. गाथेत कान्होबाचे अभंग आहेत, भाऊ गेल्यावर केलेला विलाप. ते माहीत असणाऱ्याला ही कादंबरी आणखी आत नेते.

हिचा कप्पा कुठला? माणसं सतराव्या शतकातली, म्हणून ऐतिहासिक म्हणता येईल. पण तलवारी आणि दरबार मागणाऱ्या सभासदाच्या हाती ही दिली तर तो दुसऱ्या दिवशी परत आणेल. आणि जो वाचायला हवा तो ऐतिहासिकच्या कप्प्याकडे वळणारच नाही. प्रकारवार मांडणीची पहिली अडचण इथे आली.

रविवार, 20 जुलै

दोन आठवडे पानिपतावर घालवले. 14 जानेवारी 1761, एकच लढाई, आणि तीन पुस्तकं.

विश्वास पाटलांची 'पानिपत' (1988) पुन्हा वाचताना लढाईच्या दिवसापेक्षा त्याआधीचे उपासमारीचे दिवस जास्त लागले. रसद तुटलीय, जनावरं मरताहेत, फौजेबरोबर आलेले यात्रेकरू आणि बायकामुलं यांची तोंडं भरायचीत. पराभवाचं खापर नशिबावर किंवा एखाद्या सरदारावर फोडण्याची आपली जुनी सवय हे पुस्तक मोडतं, धान्याचा आणि अंतराचा हिशेब मांडून. भाषा कुठे कुठे फार चढते. भाऊसाहेबांविषयीचं प्रेम लपत नाही, आणि लपवायचं कारणही लेखकाला वाटलेलं नाही. मला ते चाललं.

नारळीकरांच्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही, आणि मराठे जिंकले. ते काय करतात? मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं उघडतात आणि इतिहास कुठे फुटला ते पान शोधतात. आपल्याकडे पानिपतावर बोलताना "तेव्हा तसं झालं असतं तर" हे वाक्य हटकून येतं. एका शास्त्रज्ञाने ते वाक्य गांभीर्याने घेतलं, त्याचा हिशेब मांडला, आणि त्यात विजयाचा उन्माद येऊ दिला नाही.

तिसरं नंदा खरे यांचं 'अंताजीची बखर' (1997). हे मला तिन्हींत थोर वाटतं. अंताजी खरे नावाचा अठराव्या शतकातला एक हेरगिरी करणारा, सरदार-सावकारांच्या कामांवर फिरणारा माणूस बंगालपासून पानिपतापर्यंतचं सांगतो. तो मोठा नाही. शूर नाही आणि तसं म्हणवूनही घेत नाही. त्याला भूक लागते, भीती वाटते, पैसा दिसतो. बखरीचा थाट त्याच्या तोंडी येतो, पण बखरीतला पोवाडा येत नाही. मोठ्या लोकांच्या निर्णयाखाली जी माणसं चिरडली जातात त्यांच्यातलाच एक जण बोलतोय, त्यामुळे 1761 ची बातमी राहत नाही, अनुभव होतो. पुढचा भाग 'बखर अंतकाळाची' (2010). तोही घेतला.

रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) याच्यानंतर हातात घेतली आणि अवघड गेलं. माधवरावांचा थेऊरचा शेवट आजही डोळ्यांत पाणी आणतो, ते नाकारणार नाही. पण या कादंबरीत पेशव्यापासून खिजमतगारापर्यंत सगळे जवळपास एकच भारदस्त मराठी बोलतात. अंताजीचं बोलणं कानात असताना ते खोटं वाटायला लागतं. कार्ड लिहीन ते आदरानेच: प्रेमकथा म्हणून वाचा, काळ ऐकायचा असेल तर शेजारी अंताजी ठेवा.

पानिपतावरची ही तिन्ही पुस्तकं प्रकाराने एका कप्प्यात राहणार नाहीत. पण ती एकाच माणसाने एकापाठोपाठ वाचायला हवीत. यावर विचार करतोय.

शुक्रवार, 1 ऑगस्ट

अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. वाटेगाव आपल्याच सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. सकाळी वाचनालयात फोटोला हार घातला आणि 'फकिरा'चं (1959) कार्ड पुरं केलं.

सुरुवातीचीच जोगणीची रात्र घ्या. राणोजी शिगावहून जोगणी, म्हणजे गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी वाटी, वाटेगावात आणायला निघतो, पाठलाग होतो, शीव जवळ येत जाते. श्वास धरून वाचायला लावणारा हा वेग अर्नाळकरांपेक्षा तसूभर कमी नाही. फरक एवढाच की राणोजी पडतो तेव्हा त्याच्यामागे घर आहे, बायको आहे, फकिरा आहे. त्या एका मृत्यूतून सगळी कादंबरी उगवते. 14 जूनच्या नोंदीत मी जी उणीव लिहिली, तिचं उत्तर इथे आहे: गोष्ट धावती ठेवूनही मेलेला माणूस कुणाचा तरी राखता येतो. दुष्काळात धान्य लुटून वाटणारा फकिरा मुलांना आवडतोच. मला जास्त आवडतो तो गावाचा आणि मांगवाड्याचा आपसांतला व्यवहार, त्यातला मान आणि त्यातला अन्याय दोन्ही.

हे पुस्तक कुठल्या कप्प्यात? ग्रामीण, दलित, ऐतिहासिक, साहस. चारही बरोबर आणि कुठलाही एक अपुरा.

रविवार, 10 ऑगस्ट

गावाकडच्या कादंबऱ्या. इथे थांबावंसं वाटतं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आटपाडीच्या माणदेशातली, म्हणजे आमच्या सभासदांपैकी काहींच्या आजोळची. तरुण राजाराम मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. माडगूळकरांनी त्याला शहाणा केलेला नाही. तो बघतो, ऐकतो, कधी गोंधळतो. तालमीचं बांधकाम, राजेसाहेबांची भेट, मग दुष्काळ आणि मेंढरं घेऊन पांगलेली वाडी. एवढ्या लहान पुस्तकात एवढं सगळं मावतं, कारण मास्तर जे बघत नाही ते लेखक सांगत नाही. ज्याला कादंबरी वाचायची सवय नाही त्याच्या हाती मी पहिलं पुस्तक हेच देईन.

उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (1971) एकापाठोपाठ वाचली. दोन्ही घरं शिंप्याची. दोन्हींत संसार बाईने रेटलेला. 'धग'मधली कौतिक वऱ्हाडातली. नवऱ्याला महारोग होतो आणि ती तरी मोडत नाही, मोडली तरी वाकत नाही. मराठी कादंबरीत कौतिकच्या तोडीची बाई मला दुसरी माहीत नाही. लेखक तिच्याबद्दल सांगतो तो बाहेरून, पण तिचं बोलणं वऱ्हाडीत जसंच्या तसं येतं. बोराड्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. 'पाचोळा' पारबतीच सांगते, मराठवाड्याच्या बोलीत, पहिल्या ओळीपासून. गंगारामसारख्या हट्टी नवऱ्याबद्दलचा तिचा राग आणि त्याच्या अपमानाने तिला होणारं दुःख एकाच वाक्यात येतं. बाहेरून सांगणाऱ्याला ही दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत घालावी लागली असती. बोराडे यंदाच फेब्रुवारीत गेले. आमच्याकडे 'पाचोळा'ची एकच प्रत होती आणि तीही मागच्या रांगेत.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' दुसऱ्यांदा वाचणं जड गेलं. शिकून घरी बसलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ. बियाणं, कर्ज, पाऊस. पुस्तक लांबलंय, तोच हताशपणा पुन्हा पुन्हा येतो. तरी ठेवणार. इथल्या निम्म्या घरांत एकनाथ आहे.

शनिवार, 16 ऑगस्ट

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, पुस्तक 1893 चं. यमू स्वतःची गोष्ट सांगते. भीत भीत उघडली होती, एवढी जुनी भाषा आजच्या पोरांना झेपेल का म्हणून. बालपणाचा भाग वाचून दाखवला तेव्हा बारावीतल्या दोन मुली हसत होत्या. केशवपनाच्या प्रकरणाला मात्र कुणी काही बोललं नाही. एकीने पुस्तक घरी नेलं.

पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेलं, तेही त्या काळात. आज कुणी म्हणेल, हा अधिकार त्याला कुणी दिला? प्रश्न योग्य आहे. पण यमूचं बोलणं ऐकल्यावर मला वाटतं, हरिभाऊंनी आपलं बोलणं मागे घेतलं आणि तिला पुढे केलं. सुधारणेवरची व्याख्यानं त्यांनी तिच्या तोंडी फारशी कोंबली नाहीत. जिथे कोंबली तिथे कादंबरी सैल पडते आणि ते लगेच कळतं.

आता माझं मत पक्कं होत चाललंय. यमू, पारबती, कान्होबा, अंताजी, राजाराम मास्तर. जी पुस्तकं मला मनापासून धरून ठेवतात, त्यांत सांगणारा माणूस ठरलेला आहे आणि तो आपल्या ठिकाणाहून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो. पुस्तक भुताचं की इतिहासाचं, हे दुय्यम.

रविवार, 24 ऑगस्ट

शहर. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' (1965). पोक्या नाक्यावर बसून सांगतो. त्या काळी आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर अश्लील म्हणून हल्ला चढवला होता. साठ वर्षांनी वाचताना धक्का भाषेचा बसत नाही. पोक्या आणि त्याचे दोस्त मुलींकडे ज्या नजरेने बघतात तिचा बसतो, आणि लेखक त्यावर कुठेही शेरा मारत नाही. काहींना ते अजून खटकेल. मला वाटतं, शेरा न मारण्यातच या पुस्तकाचा प्रामाणिकपणा आहे. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी "हे काचेच्या कपाटात नको" म्हटलं. मी कार्ड वाचून दाखवलं आणि ते कबूल झाले, फक्त "प्रौढांसाठी" असं लिहायला सांगितलं. ते लिहिलं.

जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (2010). 1982 च्या संपानंतरचं गिरणगाव या माणसाने जसं लिहिलं तसं कुणी लिहिलेलं नाही. सातारा-सांगलीची किती माणसं त्या गिरण्यांत गेली आणि परतली. आमच्या वाचनालयात हे पुस्तक आजवर नव्हतं, मागवलं.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) आणि मिलिंद बोकिलांची 'शाळा' (2004) यांची कार्डं एकाच दिवशी लिहिली. दोन्हींवर इतकं बोललं गेलंय की मी फार वाढवलं नाही. 'शाळा'त आणीबाणी नववीतल्या मुलाला जेवढी दिसेल तेवढीच दिसते, हे मला सगळ्यात आवडतं.

रविवार, 7 सप्टेंबर

गौरी देशपांडे, 'एकेक पान गळावया' (1980). तीन दीर्घकथा. एक तक्रार दरवेळी येते: यातली माणसं परदेशात राहतात, इंग्रजीत भांडतात, ती आपली नव्हेत. तक्रार रास्त आहे. पण 'कारावासातून पत्रे'मधली बाई स्वतःशी जितकी खरं बोलते तितकं खरं बोलायला पैसा किंवा परदेश लागत नाही. शिक्षिका असलेल्या एका सभासदांनी पुस्तक परत करताना सांगितलं, "सर, मी हे दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चिडून."

कविता महाजनांची 'ब्र' (2005) याच्याशेजारी ठेवायची. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर सरपंच झालेल्या आदिवासी बाया, आणि त्यांच्यात काम करायला आलेली प्रफुल्ला. काही भाग अहवालासारखा होतो. तिथेही मी कंटाळलो नाही, कारण त्या अहवालातल्या बाया बोलायला लागतात. आमच्या तालुक्यातल्या महिला सरपंचांना हे पुस्तक भेट द्यावं असा ठराव मांडणार आहे.

नंदा खऱ्यांची 'उद्या'ही संपवली. साहित्य अकादमीचा 2020 चा पुरस्कार त्यांनी या कादंबरीसाठी नाकारला, ही गोष्ट नियमाप्रमाणे कार्डावर येणार नाही. माणसांवर सतत नजर ठेवणारं, कंपन्यांच्या हातात गेलेलं उद्याचं जग. वाचायला अवघड. कथा तुकड्या-तुकड्यांनी येते, धीर लागतो. पण धारपांच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मी याला जास्त घाबरलो.

रविवार, 14 सप्टेंबर

बैठक. कप्पे प्रकारवार लावायचा विचार सोडावा, असं मी सुचवलं. त्याऐवजी कप्प्यावर लिहायचं: कोण सांगतंय.

'ती सांगते': यमू, पारबती, प्रफुल्ला, गौरीबाईंच्या बाया. 'फिरता माणूस सांगतो': अंताजी. 'घरातला सांगतो': कान्होबा. 'मास्तर सांगतो', 'शाळेतला मुलगा सांगतो', 'नाक्यावरचा सांगतो'. आणि ज्यांत लेखक सगळं बघतो त्यांचा मोठा खालचा कप्पा: 'धग', 'फकिरा', 'पानिपत', 'तुंबाडचे खोत'.

ग्रंथपालबाईंनी रास्त हरकत घेतली. वर्गांक बदलता येणार नाहीत, तपासणीला येणारे अधिकारी वर्गांकच बघतील. शिवाय "ऐतिहासिक द्या" म्हणणाऱ्याला त्या काय सांगणार? शेवटी असं ठरलं: पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक तसाच राहील, कपाटातली मांडणी माझी, आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी प्रकार लिहायचा. अंताजीच्या कार्डावर "ऐतिहासिक", पण तो उभा राहील कान्होबाशेजारी.

शनिवार, 27 सप्टेंबर

'रणांगण' राहिलं होतं. विश्राम बेडेकर, 1939. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, चक्रधर, आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या त्या दिवसांत मराठी लेखकाने हे पाहिलं आणि लगेच लिहिलं, याचं नवल वाटतं. चक्रधर सांगतो तेव्हा स्वतःचा कोरडेपणा झाकत नाही, म्हणून हॅर्टाचं प्रेम दुप्पट लागतं. हिला कुठला शेजार द्यायचा यावर विचार करावा लागला नाही: अंताजी. दोघेही प्रवासात, दोघांनाही आपण पुरेसे चांगले नाही हे ठाऊक.

शनिवार, 11 ऑक्टोबर

कार्डं टाइप करून, लॅमिनेट करून आली. 'पाचोळा'च्या दोन नव्या प्रती, 'अंताजीची बखर'ची एक जास्तीची. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' शेवटच्या क्षणी घेतलं: धरणाने उठवलेलं गाव, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला परत गेलेला देवाप्पा. कोयना आणि वारणेच्या धरणांमुळे उठलेली घरं आमच्या सभासदांत आहेत, तेव्हा हे पुस्तक कपाटात असायलाच हवं. बोली सुरुवातीला अडवते. कार्डावर लिहिलंय, पहिली वीस पानं मोठ्याने वाचा.

अर्नाळकरांचं काय, हा प्रश्न आज मिटला. त्यांना खालच्या कप्प्यात 'फकिरा'च्या अगदी शेजारी ठेवलंय. कार्डावर एवढंच: "एका रात्रीत वाचून होईल. मग उजवीकडचं पुस्तक घ्या." 'स्वामी'वर मात्र अजून एकमत नाही. माझं कार्ड कडक झालंय असं दोघांचं म्हणणं. मी ते मऊ करणार नाही, पण त्यांचं वेगळं मत लिहिलेलं दुसरं कार्ड त्याच पुस्तकात लावायला माझी ना नाही. बुधवारपर्यंत त्यांनी ते लिहून द्यायचंय.